हाताने की मशीनने? मुंबईतल्या गाडीला पॉलिश करण्याआधी

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये पॉलिशचा वास सुटतो. कुणी मेणाचा डबा आणि जुना बनियन घेऊन बोनेटवर गोल गोल हात फिरवतो, कुणी ऑनलाइन मागवलेलं मशीन खोक्यातून काढून उलटसुलट बघत बसतो. दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी मला हाक मारली. "अरे, तू गाडीत फार लक्ष घालतोस ना? मग सांग, हाताने करू की मशीन आणू?"

मी मोबाईलचा टॉर्च त्यांच्या पांढऱ्या सेडानवर फिरवला. दारावर कुठल्यातरी रिक्षाने घासून गेल्याची काळी रेघ, टपावर कबुतरांचे डाग, बाकी रंग ठणठणीत. "काका, तुमचं काम तासाभराचं आहे. मशीनचं नाव काढू नका." मग तोच टॉर्च शेजारच्या माझ्या काळ्या हॅचबॅकवर धरला, तर बोनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे. काका हसले. "आणि ही?" "ही हाताने करायला बसलो तर दिवाळी उजाडेल."

एकाच पार्किंगमध्ये, एकाच टॉर्चखाली दोन गाड्यांना दोन उत्तरं मिळाली. म्हणून मशीन घ्यायच्या आधी टॉर्च घ्या, असं मी सगळ्यांना सांगतो.

घासायला आहे तरी किती?

कंपनीतून आलेला रंग, म्हणजे पत्र्यावरचा प्रायमर, त्यावरचा रंगीत थर आणि सगळ्यात वरचा पारदर्शक क्लिअर कोट, सगळं मिळून बहुतेक गाड्यांवर साधारण ९० ते १४० मायक्रॉन भरतं. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, यावरून अंदाज घ्या. त्यात क्लिअर कोटच्या वाट्याला ३५ ते ५० मायक्रॉन. आपलं सगळं पॉलिश या शेवटच्या थरात चालतं.

पॉलिशने चकाकी वरून चढते असा समज आहे. प्रत्यक्षात उलट होतं. ओरखडा म्हणजे क्लिअर कोटमधली दरी. पॉलिशमधले बारीक कण दरीच्या दोन्ही बाजूंचा पृष्ठभाग झिजवत तळापर्यंत आणतात, मग प्रकाश सरळ परावर्तित होतो आणि आपण म्हणतो, चमक आली. हलकं फिनिशिंग पॉलिश एखादा मायक्रॉन किंवा त्याहून कमी काढतं. जाड कंपाउंड, म्हणजे जास्त कापणारं भरड पॉलिश, आणि कडक पॅड लावलं तर तीन-चार मायक्रॉन सहज जातात. गेलेला क्लिअर कोट परत येत नाही. दर दिवाळीला 'फुल रबिंग' करून घेणारे लोक काही वर्षांनी टपावर पांढरट पोपडे का मिरवतात, ते या हिशोबात आहे. उन्हाने मार खाल्लेला थर आधीच थकलेला, त्यात दरवर्षी घासलेला.

मेण, सीलंट, सिरॅमिक कोटिंग ही वेगळी जात. ती झिजवत नाहीत, वर बसतात. 'पॉलिश' हा शब्द आपल्याकडे दोन्हींना वापरतात आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो. डब्यावर 'वॅक्स' लिहिलं असेल तर त्याने ओरखडा जाणार नाही, फार तर आठवडाभर झाकला जाईल.

जाता जाता एक आठवण. काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या. त्या पिढीतल्या अनेक गाड्यांवर क्लिअर कोट नव्हताच, एकेरी रंग असायचा. त्यावर पॉलिश घासलं की फडक्याला रंग लागायचा आणि त्यात काही वावगं नव्हतं. तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर एका कोपऱ्यात पांढऱ्या फडक्याने जरा घासून बघा. फडक्यावर गाडीचा रंग आला तर तो एकेरी रंग. आजच्या गाडीवर मात्र फडक्याला रंग लागला तर हात तिथेच थांबवा. क्लिअर कोट संपलाय.

टॉर्च घेऊन गाडीभोवती एक फेरी

गाडी आधी धुतलेली हवी, धुळीवर काही कळत नाही. संध्याकाळी पार्किंगच्या ट्यूबलाइटखाली सगळ्याच गाड्या देखण्या दिसतात, म्हणून एकच ठळक उजेड वापरा: मोबाईलचा टॉर्च किंवा सकाळचं तिरकं ऊन.

उजेडाभोवती गोल गोल जाळी दिसली तर ते स्वर्ल मार्क. गंमत अशी की ते ओरखडे गोल नसतातच. वेड्यावाकड्या दिशांचे हजारो ओरखडे असतात आणि त्यातले उजेडाशी विशिष्ट कोन करणारे तेवढे चमकतात, म्हणून वर्तुळाचा भास होतो. टॉर्च हलवा, वर्तुळही सोबत हलेल. मुंबईत हे येतात कुठून? रोज पहाटे एक बादली आणि एकच फडकं घेऊन पंचवीस गाड्या पुसणाऱ्या माणसाकडून. त्याचा दोष नाही, त्याला मिळणाऱ्या पैशात आणि पाण्यात तो दुसरं काय करणार? पण त्या फडक्यात मेट्रोच्या खोदकामाची धूळ असते, पाडकामाची सिमेंटची भुकटी असते, समुद्राजवळ राहत असाल तर वाळलेल्या मिठाचे कण असतात. आणि ते फडकं तुमच्या आधी चोवीस गाड्यांवरून आलेलं असतं.

एकटादुकटा खोल चरा असेल तर नखाची परीक्षा घ्या. नख आडवं फिरवलं आणि अडकलं, तर तो चरा पॉलिशने पूर्ण जाणार नाही. हातानेही नाही आणि मशीननेही नाही. कडा गोलावल्या की कमी दिसेल इतकंच. त्याच्या नादात तिथेच दहा मिनिटं मशीन धरून क्लिअर कोट पार करणारे लोक मी पाहिलेत. पत्रा उघडा पडलेले टवके असतील तर पॉलिशच्या आधी टच-अप रंग लावा. खाऱ्या हवेत गंज तिथूनच शिरतो.

दुसऱ्या गाडीचा किंवा भिंतीचा रंग लागलेला असतो, तो वरून चिकटलेला असतो. दिसायला भयंकर, काढायला सोपा.

पक्ष्यांच्या विष्ठेचे डाग मुंबईत कबुतरं आणि कावळे पुरवतात, झाडाखाली रात्रीची गाडी लावत असाल तर वटवाघळंही. ताजं असेल तर ओल्या टिश्यूने भिजवून उचला, घासू नका. मे महिन्यात तापलेल्या बोनेटवर दिवसभर राहिलं तर खाली क्लिअर कोटमध्ये खड्डेवजा डाग पडतो. हाताला खडबडीत लागला किंवा पाण्याखालीही दिसला तर तो रंगात उतरलेला आहे.

स्लॅबमधून ठिबकणाऱ्या पाण्याचे पांढरे, खरखरीत थेंब ही आपल्या तळघर-पार्किंगची खास देणगी. ते चुनखडीचे असतात. नखाने किंवा एटीएम कार्डाने खरवडू नका. व्हिनेगर आणि पाणी समसमान घ्या, त्यात बुडवलेला टिश्यू थेंबावर चार-पाच मिनिटं ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. लागलं तर पुन्हा करा. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्याने धुऊन उन्हात वाळलेल्या गाडीवरच्या डागांनाही हाच उपाय.

रेल्वेमार्गाजवळच्या इमारतींतल्या पांढऱ्या गाड्यांवर बारीक तांबूस ठिपके दिसतात. ते रूळ आणि ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण, रंगात रुतून गंजलेले. पॉलिशने ते निघत नाहीत, उलट पॅडमध्ये अडकून नवे ओरखडे काढतात. त्यासाठी आयर्न रिमूव्हर मिळतं. फवारलं की लोखंडाशी भिडून जांभळं होतं, मग धुऊन टाकायचं.

मग हात की मशीन?

हाताने एका सेकंदाला फार तर दोन फेऱ्या होतात. मशीन मिनिटाला ४,८०० लहान फेऱ्या मारतं, म्हणजे सेकंदाला ऐंशी, तेही एकसारख्या दाबाने. आपल्या हाताचा दाब बोटांच्या टोकांशी जास्त, तळव्याशी कमी. काळ्या बोनेटवर हाताने जाड कंपाउंड घासलं तर बोटांच्या रेषा दिसू शकतात. मी केलंय, दिसल्या.

वेळेचा हिशोब साधा आहे. माझ्या हॅचबॅकवर रंगाचं क्षेत्रफळ आठ चौरस मीटरच्या घरात जातं. हाताने एकावेळी फूटभर चौकट घेतली तर नव्वदएक चौकटी होतात. प्रत्येकीला प्रामाणिकपणे पाच मिनिटं दिली तर साडेसात तास अखंड घासणं. दुसऱ्या तासाला दाब कमी होतो, तिसऱ्याला चौकट मोठी होते, आणि डावा दरवाजा उजव्या दरवाज्यासारखा कधीच होत नाही.

म्हणून माझी वाटणी अशी. डाग, लागलेला परका रंग, दाराच्या हँडलमागच्या वाटीतल्या नखांच्या रेघा, आरशांची पाठ, बंपरचे खाचखळगे, बिल्ल्याभोवतीची जागा, पातळ रंगाच्या धारदार कडा: हे सगळं हाताने. मशीन असलं तरी हाताने. गाडी पांढरी किंवा चंदेरी आहे आणि जाळी फक्त टॉर्चखाली दिसते? तरीही हाताने हलकं पॉलिश आणि वर मेण, मोकळे व्हा. फिक्या रंगावर जाळी तुमच्याशिवाय कुणाला दिसत नाही.

बोनेट, टप, डिकी आणि दारं भरून जाळी आहे, रंग गडद आहे आणि रंगाची जाडी शाबूत आहे, तर मशीन. त्यातही डीए, म्हणजे ड्युअल ॲक्शन.

आणि काही गाड्यांना दोन्ही नको. मॅट रंग असेल तर पॉलिश म्हणजे विध्वंस, चकचकीत पट्टे उमटतात आणि जात नाहीत. विनाइल रॅप तसाच. सिरॅमिक कोटिंग असेल तर पॉलिशने आधी तेच निघून जाईल, तेव्हा पैसे कशाला दिले होते ते आठवून मगच ठरवा.

जाडी मोजायचं छोटं गेज ऑनलाइन मिळतं. पत्र्यावर चालतं, प्लास्टिकच्या बंपरवर नाही, आणि ते सगळे थर मिळून जाडी सांगतं, एकट्या क्लिअर कोटची नाही. एखाद्या पॅनेलवर १२०, शेजारच्यावर २५० आलं तर तो पॅनेल पुन्हा रंगवलेला आहे, खाली पुट्टीही असू शकते. ८० च्या खाली आकडा आला तर तिथे मशीन लावू नका. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर ही मोजणी टाळू नका.

रोटरीबद्दल

बाजारात दोन-तीन हजारांत मिळणारं, ग्राइंडरसारखं दिसणारं मशीन म्हणजे रोटरी. त्याचं पॅड एकाच अक्षावर गरगर फिरतं. जोरात कापतं, जोरात तापतं. मुरलेल्या कारागिराच्या हातात ते सुरेख काम करतं. नवख्याच्या हातात दोन गोष्टी होतात: उन्हात दिसणारे पंख्यासारखे झळाळते पट्टे, ज्यांना होलोग्राम म्हणतात, आणि कडेवर रंग जळणं. कडेवर रंग मुळातच पातळ बसतो आणि फिरत्या पॅडचा सगळा दाब तिथे एका रेषेत येतो.

माझ्या मागच्या डाव्या दाराच्या कडेवर नखाएवढी जागा अशीच गेली आहे. एका सर्व्हिस सेंटरने सर्व्हिसिंगसोबत 'फ्री पॉलिशिंग' दिलं होतं. संध्याकाळी गाडी घेतली, आरशासारखी. दोन धुण्यांनंतर सगळी जाळी परत, कारण ओरखडे काढलेच नव्हते, तेलकट भरणीने बुजवले होते. आणि कडेला तो प्रायमरचा करडा ठिपका.

ड्रिल मशीनला लावायचं पॅडही हीच जात, वर तोल नाही. नको.

डीएमध्ये पॅड फिरतंही आणि लहान वर्तुळात डोलतंही. जास्त दाबलं किंवा कडेवर गेलं की त्याचं फिरणं थांबतं, नुसतं थरथरतं. म्हणजे मशीन स्वतःच तुम्हाला आवरतं. रंग जाळायला डीएवरही जागा आहे, पण त्यासाठी बराच हट्टीपणा लागतो. डोलण्याचा व्यास ८, १५ किंवा २१ मिलिमीटर असतो. घरच्यासाठी ८ किंवा १५ पुरे. २१ चं मशीन सपाट बोनेटवर छान, वळणांवर आवरत नाही. रुपेससारखी इटालियन मशीनं उत्तम, पण वर्षातून एकदा एका गाडीसाठी तेवढा खर्च मला पटला नाही. प्रत्यक्ष हातात धरून बघायचं असेल तर नागदेवी स्ट्रीटला हत्यारांच्या दुकानांत एक चक्कर मारा. वजन बघा. दुकानात हलकं वाटलेलं मशीन दाराच्या खालच्या भागावर आडवं धरल्यावर किती जड होतं, ते तासाभराने कळतं.

तयारी, जी सगळे टाळतात

कामाचा दिवस निवडा. पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत उत्तम. एप्रिल-मेमध्ये करायचंच असेल तर पहाटे सुरू करून नऊला आवरा. तापलेल्या पत्र्यावर पॉलिश क्षणात सुकून चिकटतं.

पाण्याचा विचार आधी करा. जून २०२४ मध्ये मुंबईत १० टक्के पाणीकपात होती, तेव्हा पाइप लावून गाडी धुणाऱ्याकडे सोसायटीने कसं बघितलं असेल ते सांगायला नको. दोन बादल्या पुरतात: एकीत शांपूचं पाणी, दुसरीत साधं, हातमोजा दर पॅनेलनंतर साध्या पाण्यात खळबळायचा. आधी मात्र मगाने पाणी ओतून सुटी धूळ वाहू द्या. भांड्यांचा साबण नको.

मशीन लावणार असाल तर सामायिक मीटरवरून वीज घेण्याआधी सेक्रेटरींना विचारा. पाच मिनिटांचं बोलणं वर्षभराची कुरकुर वाचवतं. शेजारची गाडीही जरा पुढे घ्यायला सांगा, कंपाउंडचे शिंतोडे उडतात.

धुतल्यावर हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी घाला आणि रंगावरून बोटं फिरवा. पिशवीमुळे खरखर दुप्पट जाणवते. खरखर लागली तर क्ले बार, म्हणजे रंगात रुतलेला मळ उचलणारी मऊ मातीसारखी वडी. क्लेला भरपूर ओलावा हवा, शांपूचं पातळ पाणी चालतं. हलक्या हाताने सरळ रेषेत फिरवा, मळला की घडी घालून नवी बाजू काढा. क्ले जमिनीवर पडला तर सरळ कचऱ्यात टाका. धुऊन वापरायचा मोह होतो, पण त्यातला वाळूचा एक कण बोनेटभर रेघ ओढतो. क्लेने स्वतःचे हलके ओरखडे राहतात, म्हणून त्यानंतर थोडं तरी पॉलिश लागतंच.

मग मास्किंग टेप. काळं खरबरीत प्लास्टिक, रबराच्या पट्ट्या, बिल्ले, पॅनेलच्या धारा. काळ्या प्लास्टिकमध्ये कंपाउंड शिरलं की पांढरं पडतं आणि ते काढण्यात पॉलिशपेक्षा जास्त वेळ जातो.

हाताने करताना

लागेल ते एवढंच: दोन-तीन फोमचे ॲप्लिकेटर, एक मध्यम पॉलिश, डागांसाठी थोडं कंपाउंड, आणि सहा तरी स्वच्छ मायक्रोफायबर फडकी. बनियन, जुनी साडी, टॉवेल नको. सुती कापड मऊ वाटतं, पण शिवण आणि गाठी रेघा काढतात.

ॲप्लिकेटरवर वाटाण्याएवढे दोन थेंब. फूटभर चौकट. सरळ रेषेत पुढे-मागे, मग आडवं, बोटं नव्हे तर सपाट तळवा दाबून. तीस-चाळीस फेऱ्यांत पॉलिशचा थर पातळ, जवळजवळ पारदर्शक होतो. तेव्हा पुसा आणि टॉर्च धरा. रिक्षाच्या बंपरची रेघ बहुधा दोन वेळांत जाते. काकांच्या दारावरची दीड वेळात गेली होती, अर्धी वेळ त्यांनी मला थांबवून चहा दिला म्हणून.

कबुतराचा उतरलेला डाग कंपाउंडने कमी होतो, पण तेवढीच जागा धुरकट दिसू लागते. तिथे नंतर बारीक पॉलिशचा एक हात द्या. दोन प्रयत्नांनंतरही डाग राहिला तर राहू द्या.

डीएने करताना

डोळ्यांना चष्मा, तोंडाला मास्क. वायर खांद्यावरून मागे टाका, रंगावरून घासत फिरायला नको.

पहिलं काम म्हणजे चाचणी. बोनेटवर दीड फुटाची चौकट टेपने आखा आणि सगळ्यात मऊ जोडीने सुरुवात करा: फिनिशिंग पॉलिश आणि मऊ फोम पॅड. जाळी गेली तर सगळी गाडी त्यावर. नाही गेली तर पॉलिश तेच ठेवून मध्यम पॅड. तरीही नाही, मग कंपाउंड. प्रत्येक गाडीचा क्लिअर कोट वेगळा वागतो, कुठे लोण्यासारखा मऊ, कुठे दगडासारखा. इंटरनेटवरचा दुसऱ्याचा अनुभव तुमच्या बोनेटला लागू होईलच असं नाही. पॅडच्या रंगांवर विसंबू नका. एका कंपनीचं पिवळं पॅड मऊ, दुसरीचं पिवळं मध्यम.

नवं पॅड आधी पॉलिशने माखून घ्या, कोरडं पॅड स्वतःच ओरखडे काढतं. पुढे दर चौकटीला तीन-चार थेंब पुरे. पॅड रंगावर टेकवा आणि मगच बटण दाबा. हे उलटं केलंत तर पॉलिश तुमच्या शर्टवर, भिंतीवर आणि शेजारच्यांच्या काचेवर. पहिल्या नंबरवर पॉलिश चौकटीभर पसरवा, मग चार किंवा पाचवर घ्या. हात सावकाश चालवा, सेकंदाला इंचभर. आडव्या ओळी, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर निम्मी चढलेली, मग उभ्या ओळी. अशा चार ते सहा फेऱ्यांत चौकट होते. दाब मशीनच्या वजनापेक्षा थोडाच जास्त.

एक युक्ती सांगतो, जी मला उशिरा कळली. पॅडच्या मागच्या चकतीच्या कडेला मार्करने काळी रेघ मारा. काम करताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. थांबली तर दाब जास्त आहे किंवा पॅड वाकडं धरलंय, आणि पॅड फिरत नसेल तर काही कापलं जात नाही, नुसती उष्णता होते.

दर चौकटीनंतर ब्रशने किंवा फडक्याने पॅड झटका. सुकलेलं पॉलिश आणि खरवडलेला क्लिअर कोट त्यात साचतो, मग मशीन उड्या मारायला लागतं. दोन-तीन पॅनेलनंतर पॅड बदला, म्हणजे एका गाडीला निदान चार हवेत. मधूनमधून पत्र्याला हात लावा. कोमट ठीक, चटका बसला तर थांबा. बंपरवर जास्त सांभाळा, प्लास्टिक उष्णता पसरवत नाही, ती रंगातच साठते.

बोनेट झालं की टॉर्चखाली बघून हरखून जाऊ नका. पॉलिशमधली तेलं बारीक ओरखडे झाकतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग आणि पाणी चार भाग फवारून पुसा, मग खरं दिसेल. आठ-नऊ दशांश जाळी गेली असेल तर पुढे चला. उरलेल्या चार रेघांसाठी क्लिअर कोट खर्च करण्यात मला शहाणपण दिसत नाही. पुढच्या पावसाळ्यात नव्या येणारच आहेत. पहिल्यांदा करणाऱ्याला हॅचबॅकसाठी अख्खा दिवस धरावा लागतो. शनिवारी बोनेट आणि टप, रविवारी बाजू, अशी फाळणी केली तरी चालतं.

दुसऱ्याकडून करून घेताना

तीन प्रश्न विचारा: रोटरी की डीए? जाडी मोजणार का? एका पॅनेलच्या अर्ध्या भागावर करून, अल्कोहोलने पुसून दाखवणार का? तिसऱ्या प्रश्नावर समोरच्याचा चेहरा बघा, बहुतेक उत्तर तिथेच मिळतं. 'टेफ्लॉन', 'नॅनो', 'नाइन एच' या शब्दांना मान डोलवू नका, कोटिंगच्या आधी रंगाचं काय करणार ते विचारा. आणि गाडी ताब्यात दिवसा घ्या.

झाल्यावर

पॉलिश केलेला रंग उघडा असतो, त्याच दिवशी मेण किंवा सीलंट लावा. पातळ थर, जाड लावून काही जास्त मिळत नाही. मेण मुंबईच्या उन्हापावसात दोन-तीन महिने, सीलंट त्याहून जास्त. सिरॅमिक घरी लावायचं असेल तर पावसाळी दमटपणात नको, थर एकसारखा सुकत नाही आणि चट्टे राहतात.

मग पहाटेच्या फडक्याचा प्रश्न. मी आमच्या गाडी पुसणाऱ्या मामांना म्हटलं, "मामा, माझ्या गाडीला रोज हात लावू नका. काचा आणि चाकं करा, पैसे तेवढेच." त्यांना आधी वाटलं, मी काम काढून घेतोय. मग मी त्यांना टॉर्चखाली दोन बोनेट दाखवले, एक माझा आणि एक शेजारचा. "च्यायला," ते म्हणाले, "हे आमच्या फडक्याने?" आता आठवड्यातून एकदा मी दिलेल्या दोन मायक्रोफायबरनी ते ओली पुसतात, आधी पाणी ओतून.

आणि दसऱ्याला पूजा करताना बोनेटवर हळद-कुंकवाचं स्वस्तिक काढायचं असेल तर आधी तिथे मेणाचा हात दिलेला असू द्या, आणि दुसऱ्या दिवशी ते कोरड्या फडक्याने पुसू नका. पाण्याने वाहू द्या. झेंडूच्या तोरणाची तार बोनेटला टेकणार नाही अशी बांधा. गेल्या वर्षी काकांच्या पांढऱ्या सेडानवर तीच घासली, आणि ते पुन्हा चहा घेऊन खाली आले.